बियाण्याला सुई कुठनं मारायची?

तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, मग जरा ओशाळलो. तुम्ही आज जिथं अडलाय, तिथं मी ऐन उमेदीत सपशेल आपटलो होतो.

प्रश्न काय आहे ते इतरांसाठी थोडक्यात सांगतो. कराडच्या या ताईंकडे शेतकऱ्यांसाठीच्या एका इंग्रजी पुस्तिकेचं मराठी करायचं काम आलंय. तीत 'इनॉक्युलेट' हे क्रियापद पाच ठिकाणी भेटतं: पेरणीआधीचं सोयाबीन, कोमट दूध, जनावरं, गुलाबाचे खुंट, आणि शेवटी चक्क गावातली तरुण मुलं. शब्दकोश म्हणतो, 'लस टोचणे'. ताई विचारतात, पाचही ठिकाणी हेच चालेल का? 'व्हॅक्सिनेट'पेक्षा हा शब्द वेगळा कसा? आणि याचा डोळ्याशी काही संबंध असल्याचं कुणीतरी सांगितलं, ते खरं का?

डोळ्याचं खरं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र 'नाही', आणि ते मी शेतकऱ्याकडून शिकलो.

सांगलीत शेती आणि आरोग्याच्या पत्रकांची भाषांतरं करायला लागून मला वर्ष-दीड वर्ष झालं असेल. एका कंपनीचं जिवाणू खताचं पत्रक आलं होतं. मी बेधडक लिहिलं, 'पेरणीपूर्वी बियाण्यास लस टोचावी.' पत्रक छापून वाळवा तालुक्यात वाटलं गेलं. आठवड्याभरात माझ्याच एका पाहुण्यांनी भर लग्नात पंगतीला गाठलं. "लिहिणारा तूच न्हवं? मग सांग की, सुई कुठनं मारायची? नाकाडाकडनं का पाठीकडनं? आन् एकरी तीस किलो बी हाय, एकेक दाणा धरायला माणसं तू देणार काय?" अख्खी पंगत हसली. मी जिलबीकडे बघत बसलो.

चूक शब्दकोशाची नव्हती. तिथं दिलेला अर्थ खराच आहे, पण तो या शब्दाच्या एका फांदीचा आहे. तुमची पाच वाक्यं वेगवेगळ्या फांद्यांवर बसलीत. म्हणून आधी खोडापाशी जाऊ.

लॅटिनमध्ये 'ऑक्युलस' म्हणजे डोळा. आपल्या संस्कृत 'अक्षि'चा हा लांबचा भाऊबंद. रोमन लोक झाडाच्या काडीवरच्या फुगीर कोंबालाही डोळाच म्हणत, आणि एका झाडाचा डोळा दुसऱ्या झाडात बसवणं म्हणजे 'इनॉक्युलारे', शब्दशः 'डोळा आत घालणे'. इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकात आला तो हाच माळीकामाचा अर्थ घेऊन. पुढची जवळजवळ अडीचशे-तीनशे वर्षं त्यात रोग नाही, सुई नाही, डॉक्टर नाही. शेक्सपिअरचा हॅम्लेट ऑफिलियाला सुनावतो की जुन्या खुंटावर सद्गुणाचा डोळा कितीही भरला तरी मूळची चव राहतेच. तिथंही हेच क्रियापद आहे. आपल्याकडच्या कुठल्याही रोपवाटिकावाल्याला हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही.

कारण आपण तर रोमनांइतकेच डोळेवाले आहोत! ऊस दोन डोळ्यांच्या टिपरीनं लावायचा की एक डोळ्याची रोपं आणायची, यावर आपल्याकडे पारावर भांडणं होतात. द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुगले का, एकसारखे फुटले का, याच चिंतेत तासगावकडची माणसं झोपत नाहीत. बटाट्याला डोळे आहेत. आटपाडी-जतच्या माळावर गावठी बोरीवर उमराण या चांगल्या जातीचा डोळा भरतात. 'डोळा भरणे' हा आपला शब्द लॅटिनवरून कुणी बेतलेला नाही. काडीकडे बघितलं की तिथं डोळाच दिसतो, दोन्हीकडच्या माळ्यांना तो दिसला, एवढंच.

एक बारकावा इथंच सांगतो, पुढं उपयोगी पडेल. सगळं कलम म्हणजे इनॉक्युलेशन नव्हे. आपल्याकडे डॉगरिज जातीच्या खुंटावर द्राक्षाची काडी पाचर कलमानं बसवतात, तिथं दोन-तीन डोळ्यांची अख्खी काडी येते. इंग्रजीत त्याला ग्राफ्टिंग म्हणायचं. इनॉक्युलेशन म्हणजे एकुलता एक डोळा, सालीच्या कपच्यासकट.

गुलाबाचा डोळा भरताना कधी जवळून पाहिलाय का? नसेल तर एकदा रोपवाटिकेत जाऊन बघाच, हा शब्द तिथं जितका कळतो तितका कोशात कळत नाही. गावठी गुलाबाचा पेन्सिलीएवढा जाड खुंट घेतात. सालीवर इंग्रजी 'टी'च्या आकाराचा छेद देतात, आतल्या लाकडाला धक्का न लावता. चाकूच्या मागच्या बोथट टोकानं दोन्ही बाजूंची साल हलकेच उचलतात, सदऱ्याची गुंडी काढून बाजू उघडाव्यात तशी. मग चांगल्या जातीच्या काडीवरून ढालीच्या आकाराची साल डोळ्यासकट काढतात, पान छाटून त्याचा नुसता देठ ठेवतात, आणि त्या देठाला धरून डोळा वरून खाली सरकवतात. प्लास्टिकच्या पट्टीनं आवळून बांधतात, डोळा तेवढा उघडा. दोन-तीन आठवड्यांनी माळी येतो आणि त्या उरलेल्या देठाला बोटानं नुसता स्पर्श करतो. देठ टपकन गळला तर डोळा जिवंत आहे. वाळून तिथंच चिकटून राहिला तर गेला.

आता या चित्रातला माळी काढून वैद्य ठेवा, खुंटाच्या जागी माणसाचा दंड ठेवा.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, देवीच्या रोग्याच्या फोडातला द्रव निरोगी माणसाच्या कातडीत छोटासा छेद देऊन आत घालायचे. त्याला सौम्य देवी येत आणि तो पुढं जन्मभर सुटे. तिथले वैद्य इमॅन्युएल टिमोनी यांनी लिहिलेला याचा वृत्तान्त १७१४ साली लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढं आला. या कृतीला नाव काय द्यायचं? साल उचलून डोळा सरकवण्यासारखंच दिसलं ते, म्हणून माळ्याचा शब्द वैद्याकडे आला. तिथल्या इंग्रज राजदूताच्या पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू यांनी १७१७ च्या आपल्या प्रसिद्ध पत्रात तर 'एनग्राफ्टिंग', म्हणजे थेट कलम करणे, असाच शब्द वापरलाय. नुसतं लिहून त्या थांबल्या नाहीत. १७१८ मध्ये तिथंच मुलाला आणि १७२१ मध्ये लंडनला मुलीला त्यांनी हे करून घेतलं.

लक्षात घ्या, हा सगळा व्यवहार खऱ्या देवीचा होता. गाय अजून गोठ्यातच आहे.

ती बाहेर येते १४ मे १७९६ ला. एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टरनं सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या गाईच्या देवीच्या फोडातला द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या पोराच्या दंडात घातला. मग १ जुलैला त्याच पोराला खरी देवी टोचून बघितली. ती आली नाही. लॅटिनमध्ये गाय म्हणजे 'वाक्का', त्यावरून गाईच्या देवीला जेन्नरनं लॅटिन नाव वापरलं, आणि १८०० मध्ये रिचर्ड डनिंग नावाच्या प्लिमथच्या सर्जननं त्यातून 'व्हॅक्सिनेशन' हा शब्द काढला. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या दोन तारखांत आहे. मे महिन्यात फिप्सला जे केलं ते व्हॅक्सिनेशन, जुलैत केलं ते जुन्या अर्थाचं इनॉक्युलेशन.

हा भेद नुसता हौसेचा नाही. जुने इंग्रजी कागद भाषांतराला आले तर तो पाळावाच लागतो. इनॉक्युलेट केलेल्या माणसापासून दुसऱ्याला खरी देवी लागू शकत होती, व्हॅक्सिनेट केलेल्यापासून नाही. म्हणून तर इंग्लंडनं १८४० मध्ये कायदा करून पहिल्या प्रकारावर बंदी घातली. दोन्हीकडे 'लसीकरण' लिहिलंत तर सरकारनं लसीकरणावर बंदी घातली असं वाचकाला वाटेल.

पुढं १८८१ मध्ये लुई पाश्चरनं सुचवलं की जेन्नरच्या सन्मानार्थ 'व्हॅक्सिन' हा शब्द सगळ्याच रोगांच्या लशींना लावावा. गाय शब्दात राहिली, अर्थातून गेली. तरी सवय लगेच मोडली नाही. वाल्डेमार हाफकिन या जिवाणूशास्त्रज्ञानं मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. त्या काळचे इंग्रजी कागद प्लेगच्या बाबतीत बहुधा इनॉक्युलेशनच लिहितात, कारण व्हॅक्सिनेशन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं देवीच उभी राहायची. आज रोजच्या इंग्रजीत माणसा-जनावरांच्या बाबतीत दोन्ही शब्द एकाच अर्थानं चालतात. 'इम्युनाइझ' मात्र वेगळा. तो परिणाम सांगतो, कृती नाही. लस दिली म्हणजे प्रतिकारशक्ती आलीच असं नसतं. आणि 'इंजेक्ट' फक्त सुईचं काम सांगतो, सिरिंजमध्ये काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मराठीनं यात कुठं इंग्रजीची उसनवारी केली असेल असं वाटत असेल तर 'लस' शब्दाकडे बघा. गुडघा खरचटला की दुसऱ्या दिवशी जखमेतून जे पाण्यासारखं चिकट येतं, ती लस. आई म्हणायची, "हात लावू नको, लस येतीय." पहिली शंभरेक वर्षं देवीची लस म्हणजे अक्षरशः हीच होती: एकाच्या दंडावरच्या फोडातली घेऊन दुसऱ्याच्या दंडात. १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली, आणि हिंदुस्थानात लसीकरण सुरू झालं. तिथंवर ती बगदाद-बसऱ्याहून अशीच दंडादंडातून आली होती. बाटली-बर्फाची सोय नसताना माणसंच डबे झाली होती म्हणा. जो शब्द जखमेचा होता तोच औषधाचा झाला, आणि तो इतका चपखल बसला की आता आपल्याला जखम आठवतच नाही.

त्याहून जुना आणि मला जास्त आवडणारा शब्द 'देवी काढणे'. माझ्या आजीच्या दंडावर रुपयाएवढे दोन वण होते. ती 'लस घेतली' असं कधी म्हणाली नाही. "मला देवी काढल्या तवा मी उसात जाऊन लपले हुते," असं सांगायची. 'देवी आल्या' म्हणजे रोग आपणहून आला. 'देवी काढल्या' म्हणजे माणसानं थोड्या, बेताच्या, मुद्दाम आणल्या. एका क्रियापदाच्या फरकात अख्खं शास्त्र आलं. आठवड्यानं देवी काढणारा परत यायचा आणि दंड बघायचा. फोड धरला असेल तर काम झालं, नसेल तर पुन्हा. गुलाबाच्या देठाला बोट लावून बघणाऱ्या माळ्यासारखंच.

(जाता जाता: हिंदी जाहिरातींवरून 'टीकाकरण' मराठीत शिरू पाहतंय, त्याला दारातच अडवा. आपल्याकडे टीका करायला लोक टपलेलेच आहेत, त्यासाठी मोहीम काढायची गरज नाही.)

तर आता तुमची वाक्यं. माझी रीत अशी, की कोश मिटायचा आणि त्या जागी उभ्या असलेल्या माणसाचा हात नेमकं काय करतोय ते बघायचं. इंग्रजी एका क्रियापदावर भागवते. मराठी हाताप्रमाणे क्रियापद बदलते.

सोयाबीनच्या बाबतीत हात काय करतो? ताडपत्रीवर बियाणं पसरतो, गुळाच्या थंड पाण्यात कालवलेलं रायझोबियम, म्हणजे पिकाला हवेतला नत्र मिळवून देणारे जिवाणू, त्यावर शिंपडतो, हलक्या हातानं चोळतो, सावलीत सुकवतो. दहा किलोला पाव किलोचं पाकीट, असं साधारण असतं. पुस्तिकेत वेगळं प्रमाण असेल तर तेच ठेवा. तेव्हा 'पेरणीपूर्वी बियाण्याला रायझोबियम जिवाणू चोळावेत.' 'जिवाणू संवर्धकाची बीजप्रक्रिया' हेही बरोबर, कृषी खात्याच्या कागदात तेच असतं, पण एकदा 'चोळावे' आलं की वाचणाऱ्याचा हात हलतो. मूळ मजकुरात बुरशीनाशकाचाही उल्लेख असेल तर क्रम तपासा. बुरशीनाशक, कीटकनाशक आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. उलटं झालं तर लावलेले जिवाणू मरतात. इथं भाषांतरकाराची घसरण शेतकऱ्याच्या पिशवीत जाते.

दुधाला 'विरजण लावणे'. पुढं काही लिहायचीच गरज नाही. हजारो वर्षं घरोघरी बायका रोज रात्री इनॉक्युलेशन करतायत आणि आपण त्याला प्रतिशब्द शोधतोय! एकच अट: पुस्तिका डेअरीच्या कामगारांसाठी असेल तर तिथं 'कल्चर टाकणे' म्हणतात, ते ठेवा. कुणासाठी लिहिलंय यावर हे ठरेल.

जनावरांना 'लस टोचणे' चालेल, पण मी 'लस देणे' लिहितो. कारण सगळ्याच लशी टोचायच्या नसतात. पोलिओची पाजायची असते. कोंबडीच्या पिलांना मानमोडीची लासोटा लस डोळ्यात नाहीतर नाकात थेंबानं सोडतात. डोळ्यात सोडली की ते शब्दाच्या मुळाशी सगळ्यात इमानी इनॉक्युलेशन, फक्त डोळा खरा! गाईंच्या लम्पी या त्वचारोगाचा उल्लेख असेल तर आणखी एक गंमत तुमच्या वाचकांना आवडेल. २०२२ च्या साथीत आपल्या गाईंना शेळ्यांच्या देवीची लस दिली गेली. माणसाला गाईनं वाचवलं, गाईला शेळीनं.

गुलाबाच्या खुंटावर 'डोळा भरणे'. वाक्याची रचना तेवढी सांभाळा. 'डोळे भरले' एवढंच सुटं लिहिलंत तर कुणीतरी रडतंय, आणि 'डोळा लागला' लिहिलंत तर माळी झोपलाय असं होईल. 'खुंटावर डोळे भरून घ्यावेत' असं लिहिलं की शंका राहत नाही.

प्रयोगशाळेचं वाक्य तुमच्याकडे नाही, पण कधीतरी येईल. पारिभाषिक मराठीत 'संरोपण', 'अंतःक्रामण' असे शब्द भेटतात. परीक्षेच्या पुस्तकात ठीक आहेत. विद्यार्थी मात्र 'प्लेट इनॉक्युलेट केली' असंच बोलतात, आणि अळिंबीवाले (मशरूमवाले) 'स्पॉन पेरला', म्हणजे अळिंबीचं बी पेरलं, म्हणतात. मी अळिंबीवाल्यांच्या बाजूचा.

या सगळ्यांत समान काय, ते एकदा बघून घेऊ, कारण पाचव्या वाक्याला ते लागणार आहे. जिवंत काहीतरी थोडंसं घ्यायचं, तयार केलेल्या जागी ठेवायचं, आणि ते तिथं धरतं का याची वाट बघायची. मराठीत या धरण्याला आपण 'लागणे' म्हणतो: कलम लागलं, दही लागलं. आणि त्याचंच नाम बघा. आपल्या सांगली-साताऱ्यात 'लागण' म्हटलं की आधी ऊस आठवतो: आडसाली लागण, पूर्वहंगामी लागण, लागणीचा ऊस आणि खोडव्याचा ऊस. तोच शब्द करोनात रोज बातम्यांत होता: अमुक इतक्यांना लागण. शेतातलं रुजणं आणि अंगात रुजणं इंग्रजीनं १७१४ च्या सुमारास एका शब्दात बांधलं. आपल्याकडे तेही बांधलेलंच होतं, कधीपासून ते कुणी बघितलं नाही.

स्पेलिंगचं एका ओळीत: 'एन' एकच. निरुपद्रवी या अर्थाचा 'इनॉक्युअस' दोन 'एन'चा असतो, त्याचं मूळ इजा करण्याच्या लॅटिन क्रियापदात आहे. त्याचा डोळ्याशी संबंध नाही.

राहिलं तरुण मुलांचं वाक्य. ते तुम्ही अर्धंच पाठवलंय, आणि नेमका कळीचा शब्द कापला गेलाय. या क्रियापदाच्या पुढं 'विथ' असेल तर जे आत घालायचं ते पुढं येतं, 'अगेन्स्ट' असेल तर ज्याच्यापासून वाचवायचं ते. मुलांना सेंद्रिय शेतीच्या विचारानं इनॉक्युलेट करा, असं असेल तर 'विचार रुजवा' लिहा. व्यसनाविरुद्ध किंवा अफवांविरुद्ध असेल तर अर्थ बरोबर उलटा. १९६० च्या दशकात विल्यम मॅग्वायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं मांडलेली कल्पना तिथं असते: खोट्या युक्तिवादाचा सौम्य डोस आधीच देऊन, त्याचं खंडन करून दाखवायचं, म्हणजे पुढं खरा मारा झाला तरी माणूस टिकतो. त्याला मी 'आधीच सावध करून ठेवणे' लिहीन. लशीची उपमा वाक्यात आणखी कुठं फुलवलेली असेल तरच 'लस' ठेवीन. तेवढं अख्खं वाक्य पाठवा, मागच्या-पुढच्या ओळीसकट.